शेकरूची घरटी मोजून शेकरूंचा आकडा काढता येतो का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

भीमाशंकरच्या पट्ट्यातल्या एका देवराईत शेकरू आहेत हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. किती आहेत ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. गावातली काही उत्साही मुलं हाताशी धरून साधी नोंद ठेवायचा विचार आहे. पंचाईत अशी की शेकरू दिसतं कमी आणि त्याची घरटी दिसतात जास्त. जमिनीवर ते क्वचितच उतरतं, सगळा कारभार वरच्या फांद्यांवर. एका उडीत पाच-सहा मीटर पार करणाऱ्या जनावराच्या मागे खालून करवंदीच्या जाळ्यांतून किती पळणार? त्यात वर गरुड फिरायला लागला की हे फांदीला असं चिकटतं की समोर असून दिसत नाही.

परवा एक मात्र मनसोक्त बघता आलं. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लोंबत होतं, पुढच्या दोन्ही पायांत उंबर, आणि तोल सांभाळायला ती झुपकेदार शेपटी फांदीच्या पलीकडे सोडलेली. उंबर संपेपर्यंत आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

आता प्रश्न. शेकरू एकटं राहतं, पण घरटी अनेक बांधतं. मग घरट्यांच्या संख्येला कितीने भागायचं? ज्याला विचारावं तो वेगळा आकडा सांगतो. शिवाय रिकामं घरटं आणि वापरातलं घरटं खालून ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

भागाकाराच्या नादी लागू नका. कुठल्याही रानाला चालेल असा आकडा नसतो. जुनी घरटी पावसाने विस्कटेपर्यंत तशीच लटकत राहतात, आणि मोजणीत तीही येतात. दुसरी गंमत म्हणजे ऐन, हिरडा अशी झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतात, तेव्हा घरटी एकदम उघडी पडतात. शेकरू तेवढीच असतात, तुमचा आकडा मात्र फुगतो. म्हणून दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वाटेने मोजा.

ओळखायचं म्हणाल तर पानं बघा. हिरवी पानं खोचलेली असतील तर घरटं ताजं. पानं वाळलेली पण गोळा घट्ट असेल तर शंकेला जागा आहे, वेगळ्या रकान्यात लिहा. खालून आरपार आभाळ दिसत असेल तर सोडून द्या.

खरा आकडा हवा असेल तर उजाडायच्या आधी एकेका मुलाला एकेका घरट्यापासून लांब बसवा. सगळ्यांनी एकाच सकाळी बघायचं. जितकी शेकरू बाहेर पडतील तितकी तरी नक्की आहेत, एवढं छातीठोकपणे म्हणता येतं. दुपारी जाऊन उपयोग नाही, तेव्हा ती फांदीवर पसरून पडलेली असतात.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फक्त मुलांना कावळ्याचं घरटं आधी दाखवून ठेवा. ते काटक्यांचं, वरून उघडं, वाटीसारखं. शेकरूचं पानांचं आणि डहाळ्यांचं, वरूनही झाकलेलं आणि बरंच मोठं; बहुतेकदा बारीक फांद्यांच्या टोकाकडे, जिथे जड शिकारी जनावर पोचू शकत नाही.

आणि देवराई अभयारण्याच्या हद्दीत येते का ते आधी बघा. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे; हद्दीत असेल तर वनविभागाची परवानगी लागेल. त्यांचीही शेकरू गणना होते, वनरक्षकांना विचारलंत तर नोंदीचा नमुना मिळून जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. भागाकार रद्द! पहाटेची कल्पना मुलांना भलतीच आवडली आहे. एक शंका राहिली: घरट्यात पिल्लं असतील तर आमच्या बसण्याने त्रास होईल का?

प्रतिसाद १

होऊ शकतो. मादी घरट्याकडे यायला बिचकत असेल किंवा तुमच्याकडे बघून खडखडाटी आवाजात ओरडत सुटली असेल तर तिथून उठा आणि ते घरटं यादीतून वगळा. झाडाखाली तर कुणीच बसू नका.