जिबूती: एका अंगणात पाच बिऱ्हाडे

दर्यावर्दी: पूर्व आफ्रिकेतील जेमतेम 10 लाख वस्तीच्या जिबूतीने फ्रान्स, अमेरिका, जपान व इटली यांच्या जोडीला 2017 मध्ये चीनलाही लष्करी तळ उघडू दिला. याला परराष्ट्र धोरण म्हणावे की निव्वळ भाडेवसुली?

गलबत: भाडे आहेच, 2014 च्या करारानुसार एकटी अमेरिका वर्षाला सुमारे 6 कोटी डॉलर मोजते. परंतु तांबड्या समुद्राला एडनच्या आखाताशी जोडणाऱ्या बाब-एल-मंदेब सामुद्रधुनीच्या तोंडाशी, एका हाताला इरिट्रिया आणि दुसऱ्या हाताला सोमालिया असताना, बड्यांची ही वर्दळ हेच या चिमुकल्या देशाचे संरक्षण ठरते. 2018 मध्ये चिनी तळावरून आपल्या वैमानिकांच्या डोळ्यांवर लेझरचे झोत सोडल्याची तक्रार अमेरिकेने केली, चीनने ती फेटाळली, आणि यजमानाने दोन्ही बिऱ्हाडे जागच्या जागी ठेवली.

खलाशी: खरी कसोटी तळांवर नसून बंदरात आहे. भूवेष्टित इथिओपियाच्या आयात-निर्यातीचा बहुतांश भाग जिबूतीतून जातो, म्हणूनच जानेवारी 2024 मध्ये इथिओपियाने किनाऱ्यासाठी सोमालियातून फुटून स्वतःला स्वतंत्र म्हणवणाऱ्या सोमालीलँडशी सामंजस्य करार केल्यावर जिबूतीने त्याच वर्षी आपले ताजूरा बंदर देऊ केले. डोराले हे आपले कंटेनर टर्मिनल मात्र जिबूतीने 2018 मध्ये ते चालवणाऱ्या दुबईच्या कंपनीकडून काढून घेतले आणि त्यावरून लंडनच्या लवादात काही निकाल जिबूतीच्या विरोधात गेले. त्यात चिनी कर्जाचा बोजा; भाडेकरूच सावकार झाला तर घरमालक त्याला नाही कसे म्हणणार?

दर्यावर्दी: सावकाराचा मुद्दा पटला. 2015 मध्ये येमेनमधून सुटका केलेल्या भारतीयांना घेऊन ‘आयएनएस मुंबई’ही जिबूतीलाच लागली होती, हे या निमित्ताने आठवले.