नैतिक प्रश्नांवर व्हिप असावा की नसावा?

कवडसा
गर्भपात, इच्छामरण, फाशी, समलिंगी विवाह. हे विषय सभागृहात आले की लोकप्रतिनिधींची कोंडी होते. मतदारांमधला एक गट धर्म पुढे करतो, दुसरा हक्क, आणि पक्षाला दोघांचीही मतं हवी असतात. मग घोंगडं भिजत पडतं.

माझं मत असं की अशा विधेयकांवर पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा सक्तीचा पक्षादेश, काढूच नये. ब्रिटनमध्ये ही प्रथा आहे. खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये तिथे आधी पाच वर्षांसाठी थांबवली गेली आणि १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा झाला. दोन्ही खासगी विधेयकं, म्हणजे सरकारने नव्हे तर एकेका खासदाराने मांडलेली, आणि दोन्हींवर खासदारांना मोकळीक. फाशीच्या वेळी तर बहुसंख्य जनता फाशी हवी म्हणत होती, तरी खासदारांनी स्वतःला पटलं तसं मत दिलं. पक्षादेशाचा आडोसा काढून घेतला की माणसाला उभं राहून आपली कारणं सांगावी लागतात.

जर्मनीत ३० जून २०१७ रोजी समलिंगी विवाहाचं विधेयक ३९३ विरुद्ध २२६ मतांनी संमत झालं. तेव्हाच्या चान्सलर अँगेला मर्केल यांनी आपल्या खासदारांना मोकळं सोडलं आणि स्वतः विरोधात मत दिलं. सत्तेवरच्या व्यक्तीने आपलं मत हरू शकतं हे माहीत असूनही खासदारांना मोकळीक दिली, याचं मला फार मोल वाटतं.

उंबर
ठाम असहमत. विवेक कुणाचा? सभागृहात बसलेल्याचा. भोगायचं जिला आहे तिला तिथे मतच नाही.

सविता हलप्पनवार आठवते? आपल्या बेळगावची, दंतवैद्य, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत वारली. गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं, तिने गर्भपाताची विनंती केली होती. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून विनंती नाकारली गेली, आणि जंतुसंसर्गाने ती गेली.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते. तिथे १९८३ च्या सार्वमताने गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क घटनेत सारखा ठरवला गेला. मत देणारे बहुतेक जण प्रामाणिक असतील, मी शंका घेत नाही. पण १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आईच्या जिवाला खराखुरा धोका असेल तर गर्भपात चालेल असा निकाल दिला. तो धोका कोणी, कसा ठरवायचा हे सांगणारा कायदा संसदेने केला २०१३ मध्ये. एकवीस वर्षं! एकामागून एक सरकारं या विषयाला हात लावायला धजली नाहीत, आणि डॉक्टर मात्र तुरुंगाची भीती मनात ठेवून निर्णय घेत राहिले. व्हिप नसणं म्हणजे कुणाचीच जबाबदारी नसणं, असंही होतं.

शिंपला
मी श्रद्धाळू आहे, म्हणून थोडं बोलतो. ‘एक गट धर्म पुढे करतो’ या वाक्यात असं गृहीत धरलंय की आमच्याकडे कारणं नसतात, फक्त पोथी असते. इच्छामरणाला माझा विरोध आहे, कारण अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं ‘आपलं घरच्यांना ओझं होतंय’ म्हणून होकार देतील. ही काळजी मला श्रद्धेतून मिळाली, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

कायदा कराच, पण आमच्यासारख्यांना जागा ठेवा. कवडसा यांनी सांगितलेल्या १९६७ च्या कायद्यात ती आहे. चौथ्या कलमानुसार मनाला न पटणाऱ्या डॉक्टर-परिचारिकेला गर्भपातात भाग न घेण्याची मुभा मिळते, मात्र बाईचा जीव वाचवायचा असेल तर ती मुभा संपते. पुढे ग्लासगोच्या दोन सुईणींनी इतरांच्या कामावर देखरेख करण्यातूनही सूट मागितली. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. मला तो निकाल कठोर वाटतो. पण रेघ कुठे आहे हे निदान कळलं.

उंबर
शिंपला, जीव वाचवण्याची अट आहे म्हणूनच मला ते कलम मान्य आहे. पण आसपास एकच डॉक्टर असेल आणि त्याचाच आक्षेप असेल, तर सूट त्याला आणि शिक्षा रुग्णाला. दुसरा डॉक्टर उपलब्ध करून देणं हे सरकारचं काम, असं त्याच कायद्यात लिहायला हवं.

वळणवाट
आयर्लंडची गोष्ट अर्धीच राहिली. २०१६ मध्ये त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ९९ सामान्य नागरिक निवडले, अध्यक्षपदी न्यायाधीश बसवल्या. कित्येक शनिवार-रविवार या लोकांनी डॉक्टर, वकील आणि स्वतः या प्रसंगातून गेलेल्या बायका, सगळ्यांचं ऐकून घेतलं. ज्यांना पुन्हा निवडून यायचं नव्हतं, ते पुढाऱ्यांपेक्षा स्पष्ट बोलले. त्यांच्या शिफारशी मग संसदीय समितीकडे गेल्या. २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी १९८३ ची ती घटनादुरुस्ती रद्द केली. माझ्या मते व्हिपचा वाद दुय्यम आहे. आधी ऐकून घेण्याची जागा हवी.

कवडसा
उंबर, एकवीस वर्षांचा मुद्दा मी मान्य करतो. मी फक्त मतदानाच्या दिवसाचा विचार केला होता, तो दिवस उगवूच द्यायचा नाही ही शक्यता माझ्या डोक्यात नव्हती.

तरी विवेकाचा आदर राखून काम पुढे नेता येतं. बेल्जियमचे राजे बोदुआँ यांनी १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला नकार दिला. मंत्रिमंडळाने राजा कारभार पाहण्यास असमर्थ असल्याचं जाहीर केलं, स्वतः सह्या करून कायदा लागू केला, आणि लगेच संसदेने राजाला पुन्हा पदावर घेतलं. त्यांच्यावर जबरदस्ती झाली नाही आणि कायदाही अडला नाही.

तेव्हा माझी मागणी बदलतो. व्हिप नको, पण विधेयक मांडल्यापासून ठरावीक मुदतीत मतदान सक्तीचं असावं.

उंबर
मुदत चालेल. पण ती उलटून गेली आणि मतदान झालंच नाही, तर? तेवढ्या काळात न्यायालयाचा निकालच नियम म्हणून लागू राहील आणि त्याप्रमाणे वागणाऱ्या डॉक्टरवर खटला भरता येणार नाही, एवढं त्यात लिहायला तयार असाल तर मी तुमच्या बाजूने आहे.