शब्दचर्चा : 'अप्रभावी' म्हणजे कमजोर का?

नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते. काल आनुवंशिकतेच्या धड्याच्या वह्या तपासताना एकीचं वाक्य वाचलं आणि ते डोक्यातून जाईना, "अप्रभावी गुण कमजोर असतो म्हणून तो हळूहळू नाहीसा होतो." मला यात चूक तिची वाटत नाही, शब्दाची वाटते. रोजच्या बोलण्यात औषध अप्रभावी ठरतं, उपाय अप्रभावी ठरतो, म्हणजे उपयोग शून्य, मग पोरीने तोच अर्थ घेतला तर नवल काय? कुणाला दुसरा चांगला शब्द सुचतोय का? मला 'सुप्त' बरा वाटतोय.

— सुप्त नको, बियांची सुप्तावस्था आधीच आहे, मुलं दोन्ही एक करतील. आणि पेपरात शेवटी अप्रभावीच लिहायचंय. अर्थ मात्र नीट सांगायला हवा, की हे जोडीतलं नातं आहे. एकेका गुणासाठी जनुकं, म्हणजे गुण ठरवणारे आनुवंशिक घटक, दोन असतात, एक आईकडून एक बापाकडून, दोन्ही वेगळी निघाली तर ज्याचा गुण दिसतो ते प्रभावी, दुसरं झाकलं जातं, पण पुसलं जात नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या वाटाण्यांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत झाडून सगळ्या बिया गोल निघाल्या, आणि त्याच पेरल्यावर पुढच्या पिढीत 5474 गोल, 1850 सुरकुतलेल्या. जवळजवळ तिनास एक. नाहीसा झाला असता तर परत आला कुठून?

— वाटाण्याचं निघालंच आहे तर वर्गात दाखवाच. वाण्याकडचा उसळीचा सुका वाटाणा हातात घ्या, गोल गरगरीत असतो. आणि बियाणांच्या दुकानातून अर्केल मटारचं बी आणा, सुकलेलं, चुरमडलेलं. हे चुरमडलेलं म्हणजे अप्रभावी, आणि हिवाळ्यात आपण सोलता सोलता तोंडात टाकतो तो गोड मटार हाच! त्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) बनवणारं जनुक बिघडलेलं असतं, स्टार्च कमी होतो, साखर जास्त उरते, साखरेमुळे कोवळा दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळला की आक्रसतो. जोडीत एक जरी चांगलं जनुक असलं तरी दाणा गोल राहण्यापुरतं विकर तयार होतं. प्रभावी म्हणतात ते एवढंच.

— आणि प्रभावी म्हणजे जास्त लोकांत आढळणारा असंही नाही. हाताला सहावं बोट असणं बऱ्याच घराण्यांत प्रभावी असतं, तरी सहा बोटांची माणसं कितीशी दिसतात? उलट ओ रक्तगट अप्रभावी आणि आपल्याकडे ढिगाने. मी विदर्भातला आहे, इकडे आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तो अप्रभावी. नवरा-बायको दोघं नुसते वाहक असले, म्हणजे जोडीतलं एकच जनुक बिघडलेलं असलं, तर अंगावर काही दिसत नाही, "आमच्या घरात कोणालाच नाही" म्हणतात, आणि प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघायची शक्यता 4 पैकी 1. लग्नाआधी रक्त तपासा म्हणतात ते यासाठीच, 'अप्रभावी आहे, काय होतंय' असं कुणी समजलं तर फार महागात पडतं हो.

— पटलं. सुप्त मागे घेते. फळ्यावर अप्रभावीच लिहीन आणि बाजूला 'झाकलेला'. सोमवारी दोन्ही वाटाणे नेतेय, आधी त्या मुलीच्याच हातावर ठेवणार.