मदत हवी आहे: जुन्या एसयूव्हीचं स्टेअरिंग थरथरतं, पुढून खटखट

नमस्कार मंडळी,
वडिलांची 2009 सालची डिझेल एसयूव्ही आहे, पुढे टॉर्शन बारवाली (स्प्रिंगऐवजी पीळ घेणारी सळई). सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं, आंबा घाटात चाक खड्ड्यात गेलं की डावीकडून 'खट्' आवाज येतो, आणि ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते. डावा टायर फक्त आतून खाल्लाय, बाहेरची नक्षी अजून नव्यासारखी आहे.

अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक वर-खाली हलवलं, तर बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक जोडणारा सांधा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, डोळ्यांना दिसतो. आडवं हलवलं तर टायरॉड एंडही (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) ढिला. आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर चिरलंय. मेकॅनिक म्हणतो स्टेअरिंगचा रॅकच (चाकं वळवणारी यंत्रणा) बदला. मला पटत नाही, रॅकला गळती नाही, त्याचे बूट (रबरी आवरणं) कोरडे आहेत.

आधी दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट, बुश, टायरॉड एंड बदलायचे, मग टॉर्शन बारची उंची सारखी करायची आणि शेवटी अलाइनमेंट, हा क्रम बरोबर आहे ना? बॉल जॉइंट सुटा घ्यावा की अख्खा आर्म?

कोल्हापूर-सांगलीकडे सस्पेन्शनचं काम जाणणारा मिस्त्री माहीत असेल तर कृपया सांगा. आईवडील याच गाडीने घाट उतरतात, म्हणून सध्या गाडी उभीच ठेवली आहे.