कोन्युअर अचानक चावायला लागलाय, काय करू?

अनघड

आमच्याकडे ग्रीन चीक कोन्युअर (छोटा परदेशी पोपट) आहे, नाव गुंड्या, वय दीड वर्षाच्या आसपास. घेताना दुकानदाराने छातीठोक सांगितलं की नर आहे, आम्ही डीएनए टेस्ट वगैरे काही केलेली नाही. इतके दिवस अगदी लाघवी होता, खांद्यावर बसून राहायचा, टीशर्टच्या गळ्यातून आत शिरून झोपायचा, मुलीच्या तळहातावर चक्क उताणा पडून खेळायचा. गेला महिनाभर मात्र काय झालंय कळत नाही, चावत सुटलाय. नुसती चोच लावत नाही, रक्त काढतो, आणि एकदा धरलं की सोडत नाही.

त्यात गंमत अशी की नवरा खोलीत आला की जास्त चेकाळतो आणि चावतो कोणाला तर मला! माझ्याच खांद्यावर बसून माझ्याच कानाला. नवऱ्याला काही करत नाही.

दुसरं म्हणजे मी किचनमध्ये गेले की किंचाळणं सुरू, मी परत दिसेपर्यंत. शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या.

पिंजरा हॉलमध्ये आहे, आम्ही झोपतो तेव्हा साडेअकराच्या सुमारास त्यावर चादर टाकतो. खायला सीड मिक्स असतं, त्यातलं सूर्यफूल आधी संपतं आणि बाकीचं खाली सांडतं. पिंजऱ्यात झोका, दोन दांड्या आणि एक फरचा तंबू आहे ऑनलाइन घेतलेला, तो त्याचा जीव की प्राण.

एकाने सांगितलं चावला की तोंडावर फुंकर मारा, दुसऱ्याने सांगितलं चोचीवर टिचकी मारा, तिसरा म्हणतो पंख कापा म्हणजे आपोआप नरमतो. सासूबाई म्हणतात मुक्या जिवाला कोंडून ठेवलंत, सोडून द्या झाडावर. जोडीदार आणला तर शांत होईल का? जाणकारांनी प्लीज सांगा.

टवाळ_नंबर_एक

नाव गुंड्या ठेवलंत आणि आता तक्रार करताय होय 😂

(चोचीवर टिचकी मारू नका मात्र, आमच्या बजीला (बजरीगर पोपटाला) मारून बघितलेली, नंतर कितीतरी दिवस हात बघितला की पळायचा.)

पिंपळपान

अनघड, सगळ्यात आधी तो तंबू काढा. आजच काढा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

कारण सांगतो. हे पक्षी मूळचे बोलिव्हिया, ब्राझीलचा पश्चिमेकडचा भाग आणि उत्तर अर्जेंटिना इकडच्या जंगलातले, आणि झाडाच्या ढोलीत घरटं करतात. त्यामुळे काळोखी, उबदार, अंग चोरून बसता येईल अशी कुठलीही जागा मिळाली की त्यांच्या डोक्यात एकच विचार येतो, ढोली सापडली, आता संसार थाटायचा. तुमचा तंबू म्हणजे ढोली, टीशर्टचा गळा पण ढोलीच, आणि दीड वर्ष म्हणजे नेमकं वयात येण्याचं वय. ढोलीची राखण करायची तर चावावं लागणारच ना. त्या फरचे धागे चावून पोटात गेले की गळ्याखालच्या अन्नपिशवीत गोळा होऊन अडकतात, तो धोका वेगळाच.

दुसरा प्रश्न, तुम्ही त्याला कुठे कुरवाळता? पाठीवरून, पंखाखालून, शेपटीच्या बुडाशी हात फिरवत असाल तर बंद करा. आपल्याला ती माया वाटते पण पक्ष्याच्या भाषेत तिथला स्पर्श फक्त जोडीदाराचा. डोकं, गाल, मान, बस एवढंच. आणि तो तुम्हालाच का चावतो याचं उत्तरही इथेच आहे. तुम्हाला त्याने जोडीदार मानलंय. नवरा आला की त्याच्या दृष्टीने परका नर आला, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून राग जवळ असेल त्याच्यावर निघतो, किंवा तुम्हाला तिथून हाकलण्यासाठी चावतो. सध्या खांद्यावर बसवूच नका, हातावर किंवा स्टँडवर ठेवा, म्हणजे निदान त्याचे डोळे तुम्हाला दिसतील.

डोळे का म्हणतोय, तर चावण्याआधी तो सांगत असतो. बाहुली भराभर लहानमोठी होते, मानेची पिसं ताठ, शेपूट पंख्यासारखी पसरलेली, अंग पुढे झुकवून एकदम स्तब्ध. यातलं दिसलं की हात पुढे करू नका, अर्ध्या मिनिटाने बघा. आपण बहुतेक वेळा ही नोटीस वाचतच नाही आणि मग म्हणतो अचानक चावला. फक्त बाहुली एकटीच बघून ठरवू नका, आवडता खाऊ दिसला तरी ती तशीच नाचते.

झोपेचं बघा. साडेअकरा म्हणजे फार उशीर झाला हो, त्यांना दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. दिवस मोठा, खाणं भरपूर आणि मऊ गरम, वर ढोली, म्हणजे शरीर समजतं विणीचा हंगाम आला. टीव्ही नसलेल्या खोलीत साडेसात-आठला झाकून ठेवा, वाटल्यास झोपायचा छोटा पिंजरा वेगळा करा.

चावला तर फुंकर नाही, टिचकी नाही, ओरडणं तर अजिबात नाही, त्यांना तो तमाशा आवडतो. तोंडावर काही न दाखवता जवळच्या खुर्चीच्या पाठीवर किंवा स्टँडवर उतरवा आणि थोडा वेळ लक्ष देऊ नका. पिंजऱ्यात कोंडू नका पण, नाहीतर पिंजरा म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसतं आणि संध्याकाळी आत जायच्या वेळी पुन्हा महाभारत.

सातारी_कंदी

पिंपळपान यांच्याशी बऱ्यापैकी सहमत पण सगळं हार्मोनवर ढकलू नका. पिसं झडतायत का ते बघा. डोक्यावर मानेवर काट्यासारखी नवी पिसं आली असतील तर ती कोवळी असतात, आत रक्त असतं, त्यांना जरा जोरात बोट लागलं तरी दुखतं आणि मग चावतात. आमच्या सन कोन्युअरचं दर वेळी हेच. अशा वेळी रोज कोमट पाण्याचा फवारा किंवा उथळ ताटलीत आंघोळ द्या, पिसांवरचं आवरण सुटायला मदत होते.

आता किंचाळण्याबद्दल, कारण त्यात आम्ही पीएचडी केलीय. सनच्या मानाने तुमचा ग्रीन चीक म्हणजे अगदी कुजबुज आहे, आमच्याकडे फोनवर बोलायचं तर बाल्कनीत जाऊन दार लावावं लागतं. हे पक्षी थव्यात राहतात, दाट झाडीत एकमेकांना दिसत नाहीत म्हणून सतत आवाज देऊन हजेरी घेतात. तुम्ही किचनमध्ये गेलात म्हणजे थव्यातलं एक माणूस गायब, तो विचारतोय कुठे आहेस. त्याला उत्तरच मिळालं नाही तर आवाज चढणारच. तर किचनमधूनच एक ठरलेली शिट्टी वाजवा, रोज तीच. पहिल्या साध्या हाकेलाच ओ द्यायची, किंचाळी फुटल्यावर नाही. किंचाळल्यावर धावत गेलात की तो काय शिकतो सांगा बघू? आणि घरातल्या सगळ्यांनी तेच करायला हवं, आमच्याकडे आजोबा हळूच जाऊन दाणा द्यायचे आणि सगळं मुसळ केरात.

किचनवरून आठवलं, नॉनस्टिक तवा असेल तर आधी तो घालवा. रिकामा तापत राहिला तर त्यातून येणारा धूर माणसाला जाणवतही नाही पण पक्षी काही मिनिटांत जातो. उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल हे पण त्याच्या खोलीत नको. आणि तो बाहेर असताना सीलिंग फॅन बंद म्हणजे बंद, मे महिना असला तरी.

कोथिंबीर_वडी

सोडून देण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. सासूबाईंची भावना समजते, पण हा इथला पक्षी नाही, पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेला आहे, अन्न शोधणं माहीत नाही, कावळे आणि घारी दिवसभरात संपवतील. आपला साधा पोपट, कंठवाला, तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, कोन्युअर परदेशी असल्यामुळे पाळता येतो पण त्याचीही नोंदणी लागते. २०२२ च्या दुरुस्तीत साइट्सच्या (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले प्राणी कायद्यात आले आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर माहिती भरायची असते. केली नसेल तर वनविभागात विचारून घ्या. दुकानदाराची पावती जपून ठेवा.

पंख कापू नका. पळून जाता येत नाही असं कळलं की चावणं हा एकच उपाय उरतो त्याच्याकडे, त्यामुळे उलट वाढतं. जोडीदार तर आत्ता नकोच, एकतर दोघांचं जमेलच असं नाही आणि जमलं तर दोघं मिळून तुम्हाला चावतील.

खाणं हळूहळू बदला. नुसत्या बियांमध्ये चरबी जास्त आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, मोड आलेले मूग, पेरू, डाळिंब. मिरची तर खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही, आमची आख्खी लवंगी बियांसकट खाते आणि मग येऊन माझ्या ओठाला चोच लावते, मरते मी. अव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा अजिबात नाही. सूर्यफूल ताटलीतून काढा आणि फक्त हाताने द्या, तो काही नीट वागला की एक दाणा. एक काडी पुढे धरायची, त्याने चोचीने शिवली की दाणा, इतक्या साध्यापासून सुरुवात करा. हात म्हणजे पकडणारी वस्तू नाही हे त्यातूनच पटतं.

अनघड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद 🙏 तंबू काढला. पहिले दोन दिवस नुसता थयथयाट, मग सोफ्याच्या मागच्या फटीत शिरायला लागला, ती उशा लावून बंद केली. आता झोपायची खोली वेगळी केलीय, आठला झाकतो. चावणं थांबलेलं नाही पण रक्त निघालं नाही इतक्यात, आणि बाहुलीचं म्हणालात ते अगदी खरं आहे, नवऱ्याच्या चपलांचा आवाज आला की सुरू होतं! शिट्टीचं मात्र जमत नाहीये, मुलगी वेगळीच वाजवते.

पिसं पण येतायत डोक्यावर, म्हणजे सातारी कंदी तुमचंही बरोबर.

अजून दोन गोष्टी. रात्री झाकल्यावर आतून कर्र कर्र आवाज येतो, दात खाल्ल्यासारखा. आणि हल्ली मान वरखाली करून माझ्या बोटावर खाल्लेलं काढून ठेवतो. पोट बिघडलंय का?

पिंपळपान

कर्र कर्र म्हणजे चोच घासतोय, समाधानाने झोपायची तयारी. ते ऐकू येतंय म्हणजे नवी खोली पसंत पडली.

बोटावर काढून ठेवतो ते प्रेमाचं भरवणं आहे, आजार नाही. लाड न करता हात बाजूला घ्या आणि काहीतरी कुरतडायला द्या, पुठ्ठा, कोवळी फांदी. आजाराची उलटी वेगळी दिसते, डोकं झटकून इकडेतिकडे उडवतो, डोक्याची पिसं चिकट होतात आणि पक्षी मरगळलेला असतो. तसं दिसलं तर थांबायचं नाही, पक्ष्यांचा डॉक्टर गाठायचा. किचनचा ग्रॅमवाला काटा असेल तर दर आठवड्याला सकाळी खायच्या आधी वजन लिहून ठेवा. ग्रीन चीक साधारण ६० ते ८० ग्रॅम, त्यात सात-आठ ग्रॅम कमी होणं म्हणजे खूप झालं, आणि हे लबाड आजार शेवटपर्यंत लपवतात, काटाच आधी सांगतो.

आणि ती डीएनए टेस्ट करूनच घ्या. या जातीत नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, दुकानदाराने काहीही सांगू दे. गुंड्या गुंडी निघाली तर अंड्याचा विषय येतो. पिंजऱ्याच्या तळाला फुगून बसलीय, कुंथतेय, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतेय असं दिसलं तर अंडं अडकलेलं असू शकतं, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. तुमच्या जवळ पक्षी बघणारा डॉक्टर कोण आहे, रात्रीचा फोन घेतो का, हे आत्ताच विचारून नंबर सेव्ह करून ठेवा. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी हाताळत नाहीत.

टवाळ_नंबर_एक

गुंडी 😂😂 टेस्टचा रिझल्ट इथे टाका नक्की