मदत हवी आहे: बदकं शेततळ्यात उतरत नाहीत

नमस्कार मंडळी. खानापूरजवळ मलप्रभेच्या अंगाला आमचं शेत आहे. बेळगावच्या मावशींनी घर बदलताना त्यांची चार बदकं आमच्याकडं दिली. तिथं ती सिमेंटच्या लहान टाकीत पोहायची. इथं एवढं मोठं शेततळं, पण संध्याकाळी सोडली की काठापर्यंत येतात, माना लांब करून पाण्याकडं बघतात आणि एकमेकांना चिकटून गोठ्यामागं पळतात. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद आहे, उतार गुळगुळीत. पाय घसरतात म्हणून भीत असतील काय? मलाही धास्ती आहेच, उतरली तर बाहेर कशी यायची? काथ्याची चटई अंथरावी की दगड रचावेत, पावसात काय टिकतं?

मुंगसांमुळं रात्री खुराड्यात कोंडते. दिवसा जाळीच्या आवारात असतात. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल असं खोल घमेलं ठेवलंय. जागा ओळखीची होईपर्यंत कोंडून ठेवावं, हे पटतं, पण किती दिवस? मादीनं अंडी देणं थांबवलंय, जीव लागत नाही बघा. बदकांना नियासिन हे जीवनसत्त्व कोंबड्यांपेक्षा जास्त लागतं, मग त्यासाठी कोंबडीच्या खाद्यात यीस्ट किती मिसळावं?

निपाणी, चंदगडकडं कुणी बदकं पाळत असाल तर सांगा की. पाऊस लागायच्या आत ती रुळायला हवीत.