मालक भाडं घेत नाही आणि गाळा खाली करा म्हणतो, काय करावं?

पेठेतला_गाळा: पुण्यात पेठेतला १८० चौ. फुटांचा गाळा, १४ वर्षांची भाडेकरी. भाडं ८,००० रुपये. लेखी करार नाही, पावत्या आहेत. मालक चार महिने भाडं नाकारतोय. आता वकिलाची नोटीस आली: थकबाकी भरा, मुलाला दुकान टाकायचंय, ३० दिवसांत गाळा सोडा. नाहीतर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर १२,००० ने सही करा. सही केली तर प्रश्न मिटेल का?

कोर्टकचेरी: सही करू नका. त्या कागदाने जुनी भाडेकरी तुम्ही आपणहून सोडून दिली असा अर्थ लावता येतो, आणि मुदत संपली की लायसन्सीला भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कवच नाही. लेखी करार नसल्याची धास्ती नको. कलम ५५ प्रमाणे करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे, त्यामुळे अटींबाबत तुमचं म्हणणं आधी धरलं जातं.

३० दिवसांनाही अर्थ नाही. थकबाकीच्या दाव्यासाठी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं (कलम १५). त्याआत ३२,००० पोचते करा. खाते क्रमांक असेल तर एनईएफटी, नसेल तर डिमांड ड्राफ्ट स्पीड पोस्टने, सोबत कोणत्या महिन्यांचं भाडं ते लिहिलेलं पत्र. पाकीट ‘नाकारले’ शेऱ्यासह परत आलं तर फोडू नका, तसंच वकिलाकडे द्या. ते कोर्टात उघडलं जाणं हाच पुरावा. ‘घेत नाही म्हणून दिलं नाही’ यावर भलेभले हरतात.

हिशेबनीस: तरीही दावा लागलाच, तर समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, सालाना १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरायचा. ८,००० वर व्याज महिन्याला १०० रुपये. सात महिने थकले तर पहिल्याचं ७००, शेवटच्याचं १००, एकूण २,८००; म्हणजे ५८,८०० अधिक खर्च. पुढचं भाडंही निकालापर्यंत दरमहा भरत राहायचं. लोक पहिली रक्कम भरतात आणि इथेच घसरतात.

कोर्टकचेरी: मुलाच्या गरजेचा मुद्दा (कलम १६) वेगळा, तो भाडं भरून संपत नाही. गरज खरी असली तरी जास्त अडचण कोणाची हे कोर्ट तोलतं. मालकाच्या इतर मिळकतींचे मिळकतकर उतारे, प्रॉपर्टी कार्ड काढून ठेवा. तुम्ही दुसरी जागा शोधलीत का, हेही विचारतात. दलालांशी झालेला पत्रव्यवहार, मेसेज जपा. दरम्यान गाळा सलग सहा महिने बंद ठेवू नका, ‘पार्टनर’ म्हणून कोणाला बसवू नका आणि पक्का पोटमाळा बांधू नका. लाकडी पार्टिशन, एसी चालतं.

शटर_डाऊन: मालकाने परस्पर कुलूप ठोकलं तर विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा टाका, तिथे मालकी नव्हे, ताबा बघतात. वीज-पाणी तोडलं तर भाडे कायद्याचं कलम २९.

हिशेबनीस: भाडेकरी कंपनीच्या नावे असून भरणा भागभांडवल एक कोटी किंवा जास्त असेल, तर वरचं १५ आणि १६ लागूच होत नाही. प्रोप्रायटरी दुकानाला ही अडचण नाही.